बारावीनंतर भाषाविज्ञान: लेकीला काय सांगू?

निंबोणी

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

लेकीची बारावी झाली. सायन्स, गणित होतं, मार्कही बरे आहेत. इंजिनिअरिंगला जाणार हे आम्ही गृहीतच धरलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता म्हणाली, "मला लिंग्विस्टिक्स करायचंय." नवऱ्याला ऐकू आलं लॉजिस्टिक्स. दहा मिनिटं दोघं दोन वेगळ्या विषयांवर भांडत होते, आणि गंमत म्हणजे मुद्दे दोन्हीकडे लागू पडत होते.

हे खूळ अकरावीत शिरलं. शाळेतल्या एका बाईंनी तिला पाणिनी भाषाविज्ञान ऑलिंपियाडला बसवलं होतं. कधी नाव न ऐकलेल्या भाषेतली आठ-दहा वाक्यं देतात, शेजारी त्यांचे अर्थ, आणि त्यावरून अकरावं वाक्य आपण तयार करायचं. पुढच्या फेरीत काही गेली नाही, पण तेव्हापासून जुने पेपर शोधून सोडवत बसते. शब्दकोड्याचं वेड म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

माझे प्रश्न सरळ आहेत. पदवीला या विषयात नेमकं शिकवतात काय? महाराष्ट्रात कुठे आहे का? आणि पुढे काय? सासूबाईंचा प्रश्न त्याहून सरळ आहे: "म्हंजे ही आता आनखी किती भाषा शिकनार?"

गावठी_कोंबडा

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येतीलच.

तोपर्यंत एक भर: ३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात झाली. आता भाषावाल्यांना नोकऱ्याच नोकऱ्या. (दिवे घ्या.)

मुक्कामपोस्ट_येरवडा

निंबोणीताई, मी या विषयात एमए केलंय आणि अजून त्यातच आहे. सासूबाईंपासून सुरुवात करतो, कारण हा प्रश्न मला गेली वीस वर्षं लग्नकार्यात प्रत्येक पंगतीत विचारला गेलाय. उत्तर: एकही नवी भाषा न शिकता भाषाविज्ञान करता येतं. ज्याला चौदा भाषा येतात तो बहुभाषक, भाषावैज्ञानिक असेलच असं नाही. ऱ्हस्वदीर्घ तपासणं हेही आमचं काम नाही.

मग काय? लेकीला आता एक वाक्य मोठ्याने म्हणायला सांगा: "चहाची चव". तीन च आहेत. तिसरा च म्हणताना जीभ पुढे, दातांच्या मुळाशी जाते. पहिल्या दोन वेळा जात नाही. आता "चार" म्हणा, आकडा. मग "गुरांना चार" म्हणा, म्हणजे चारा घाल. लिहायला एकच शब्द, तोंडात दोन. "माझा" आणि "माझी" म्हणून बघा. "उंच" आणि "उंची" म्हणून बघा. आयुष्यभर हे आपण न चुकता करतो आणि शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना आपण काही करतोय याचाच पत्ता नसतो.

पहिल्या सत्रात फोनेटिक्स-फोनॉलॉजीत, म्हणजे ध्वनींच्या अभ्यासात, हेच होतं. पन्नासेक शब्द गोळा करायचे, कुठे पुढचा च येतो आणि कुठे मागचा ते मांडायचं, आणि नियम काढायचा. तुमच्या लक्षात येईल की इ, ई, ए यांच्या आधी कायम मागचा येतो. मग कोणीतरी हात वर करून म्हणतो, "सर, चहा? चष्मा? चंद्र?" तिथे अ असूनही मागचाच च आहे. नियम मोडला? की हे शब्द बाहेरून आले म्हणून वेगळे? चंद्र तर संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. आणि मग "चार"चं काय करायचं? तो तास मला अजून आठवतो. बाई फळ्याकडे पाठ करून नुसत्या उभ्या होत्या आणि वर्ग आपापसांत भांडत होता.

पदवीची तीन-चार वर्षं म्हणजे साधारण हेच, वेगवेगळ्या पातळ्यांवर: ध्वनी, मग शब्दांची घडण, मग वाक्यं (सिंटॅक्स, यात वाक्यांच्या झाडासारख्या आकृत्या काढून हात दुखतात), मग अर्थ. जोडीला भाषांचा इतिहास, समाज आणि भाषा, लहान मूल भाषा कसं उचलतं हे सगळं. आणि फील्डवर्क, ज्यावर वेगळा धागा निघेल.

कॉलेजांबद्दल रात्री लिहितो.

ऱ्हस्वदीर्घ

मी निवृत्त मराठी शिक्षक. येरवडाकरांचा प्रतिसाद आवडला, पण एक खटकलं. शुद्ध-अशुद्ध हे "आमचं काम नाही" म्हणून कसं चालेल? मग कोणाचं? आज मुलं सर्रास "माझी मदत कर" म्हणतात. "मला मदत कर" कोणाला आठवत नाही. टीव्हीवर "मी येऊन राहिलोय". भाषेची पदवी घेतलेल्यांनी हे रोखायचं नाही तर काय नुसतं वहीत टिपून ठेवायचं?

वऱ्हाडी_ठेचा

सर, "माझी मदत कर"चं तुमचं तुम्ही बघा. पण "येऊन राहिलो"ला हात लावू नका. आमच्याकडे आज्या-पणज्यांपासून लोक "काय करून राहिला बे" असंच बोलून राहिले. टीव्हीवर आलं म्हणून ते काल जन्मलं नाही. तुमच्या "येतोय"ला काय सोन्याचं शिंग आहे?

गावठी_कोंबडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मुक्कामपोस्ट_येरवडा

सर, रागावू नका. तुमचं काम आणि आमचं काम ही वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात. पाठ्यपुस्तकाला, वर्तमानपत्राला एक ठरलेलं लेखन हवंच. पण वनस्पतिशास्त्रज्ञ काँग्रेस गवत दिसल्यावर "हे चुकीचं गवत आहे" म्हणत नाही. ते कुठून आलं आणि कुठे पसरतंय हे बघतो. "माझी मदत कर" मध्ये हिंदीची सावली आहे हे उघड आहे. पण कोणत्या वयाचे लोक म्हणतात, मुंबईत जास्त की लातुरात, "माझी मदत केली" म्हणणारा "मला सांगितलं" मात्र नीटच म्हणतो का, हे कोणीतरी टिपल्याशिवाय आपल्याला कळणार नाही. तर हो, वहीत टिपून ठेवायचं. मग त्या वहीकडे बघत बसायचं.

आणि ठेचाभाऊ बरोबर आहेत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगाव जाऊन, माणसांच्या तोंडून ऐकून. ते आंतरजालावर आहे. लेकीला दाखवा. आपल्या आजोळच्या जिल्ह्यावर टिचकी मारली की माणूस दोन तास उठत नाही, हा स्वानुभव.

अर्धी_भाकर

या विषयाबद्दल माझ्या मनात एक जुना राग आहे, तो इथेच ओकतो.

मी तालुक्याच्या गावी मराठी घेऊन बीए केलं. तिसऱ्या वर्षी भाषाविज्ञानाचा पेपर होता. सर नोट्स सांगायचे, आम्ही उतरवायचो. "मूर्धेवरून उच्चारले जाणारे ते मूर्धन्य." मी विचारलं, मूर्धा कुठे असते? उत्तर मिळालं, "परीक्षेला येत नाही." चाळीस पोरं वर्गात, प्रत्येकाच्या तोंडात एकेक जीभ, आणि वर्षभरात एकदाही कोणी म्हणालं नाही की बाळांनो, ट म्हणा, त म्हणा, जीभ कुठे जाते बघा. त्यात पास झालो. चांगल्या मार्कांनी.

पुढे बारा वर्षांनी माझ्या पोराला र म्हणता येईना म्हणून स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी आरसा दिला आणि जीभ वर नेऊन दाखवायला सांगितली. मला तिथे कळलं बारा वर्षांपूर्वी मी काय लिहून आलो होतो. म्हणून सांगतो ताई, "बीएला भाषाविज्ञान आहे" एवढं ऐकून प्रवेश घेऊ नका. वर्गात आवाज ऐकवतात का, ध्वनिमुद्रण करायला लावतात का, ते आधी विचारा.

कानसेन

अर्धी_भाकर, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. मी त्याच धंद्यातली, स्पीच थेरपिस्ट.

एक गैरसमज लवकर दूर करते, कारण दर वर्षी चार फोन येतात. भाषाविज्ञानाची पदवी घेऊन स्पीच थेरपिस्ट होता येत नाही. त्याचा रस्ता वेगळा आहे: बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी), इंटर्नशिप धरून चार वर्षं, मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, मैसूरला १९६५पासूनची वाक्-श्रवण संस्था आहे. आम्हाला भाषाविज्ञान असतं, पण शरीररचना, कानाची तपासणी, मेंदू हेही तितकंच असतं. निंबोणीताई, लेकीला माणसांबरोबर बसून काम करायला आवडत असेल तर हा पर्याय आत्ताच बघा. नंतर या दारातून आत येता येत नाही.

मुक्कामपोस्ट_येरवडा

कॉलेजांचं लिहितो म्हटलं होतं.

आधी कटू भाग. आपल्याकडे भाषाविज्ञान हा परंपरेने एमएचा विषय आहे. पुण्यात डेक्कन कॉलेज १९३९पासून पदव्युत्तर आणि संशोधन संस्था आहे. तिथला संस्कृत कोशाचा प्रकल्प १९४८पासून चाललाय. १९५०च्या दशकात तिथे भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरल्या आणि या देशातली आधुनिक भाषाविज्ञानाची एक अख्खी पिढी त्यातून घडली. भाषावैज्ञानिक अशोक केळकर तिथलेच. मुंबई विद्यापीठाचा विभाग कालिन्याला आहे. या दोन्हीकडे एमएला कुठल्याही शाखेचे पदवीधर येतात. माझ्या वर्गात एक होमिओपॅथ होता आणि एक कीर्तनकार. कीर्तनकाराला छंद आणि मात्रा आमच्या सगळ्यांपेक्षा आधी कळल्या.

बारावीनंतर थेट हवं असेल तर राज्याबाहेर बघा. बनारस हिंदू विद्यापीठात आणि अलीगढला बीए ऑनर्सला हा विषय आहे. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात भाषाविज्ञानाचा ५ वर्षांचा एकात्मिक एमए आहे. आणि ताई, मुलीचं गणित चांगलं आहे म्हणून मुद्दाम सांगतो: हैदराबादच्याच ट्रिपल आयटीत संगणकशास्त्राची बीटेक आणि संगणकीय भाषाविज्ञानाची संशोधनाची एमएस अशी ५ वर्षांची जोडपदवी आहे. यजमानांना "बीटेक" एवढंच ऐकवा.

निंबोणी

यजमान मागे उभे राहून वाचतायत. "बीटेक"पाशी थांबले.

सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) मात्र तिने दिलेली नाही. तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं.

मुक्कामपोस्ट_येरवडा

मग यंदा बनारस-हैदराबाद अवघड. हरकत नाही. माझं स्पष्ट मत असं की पदवीचा विषय कोणताही घ्या, पण असा घ्या की ज्यात नियम काढायला आणि तपासायला शिकवतात. संस्कृत असेल तर उत्तम. सुमारे चार हजार सूत्रांत एक भाषा बांधणारा पाणिनी दुसरीकडे कुठे भेटणार? गणित असेल तरी उत्तम. मानसशास्त्रही चालेल. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) आहे, त्याचा फायदा घ्या.

(अवांतर: ज्याच्यापासून आधुनिक भाषाविज्ञान सुरू झालं असं पाठ्यपुस्तकांत लिहितात, त्या सोस्यूरचा प्रबंध संस्कृतातल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर होता, १८८१चा. तो जिनिव्हात संस्कृत शिकवायचा. हे ऐकून कॉलर ताठ करू नये, पण सासूबाईंना सांगायला चांगलं आहे.)

आणि घरबसल्या सुरुवात करायची असेल तर एक गृहपाठ देतो. पोरीला दाखवा.

रामाने आंबा खाल्ला. सीतेने आंबा खाल्ला. त्यांनी चिंच खाल्ली. इथपर्यंत सरळ. आता: मी आंबा खाल्ला. तू आंबा खाल्लास.

"मीने" का नाही?

ऱ्हस्वदीर्घ

हे दामल्यांच्या व्याकरणात आहे हो. १९११चं पुस्तक. कर्मणी प्रयोग. आठवीत शिकवत होतो.

मुक्कामपोस्ट_येरवडा

सर, नाव माहीत आहे. प्रश्न असा की ते तसं का. पोरीला उत्तर सांगू नका, प्लीज.

सातासमुद्रापार

अमेरिकेतून. माझा मुलगा इथे कॉलेजात संगणकशास्त्राबरोबर लिंग्विस्टिक्स हा दुसरा मेजर करत होता. इथे पदवीलाच हा विषय सहज मिळतो, चार वर्षांत दोन मेजर करणारे पुष्कळ. तिसऱ्या वर्षी त्यांना "फील्ड मेथड्स" नावाचा वर्ग असतो. वर्गात कोणालाच न येणारी भाषा बोलणारं एक माणूस आणून बसवतात, आणि मुलांनी सत्रभर त्याला प्रश्न विचारून त्या भाषेचं व्याकरण स्वतः मांडायचं. पुस्तक बघायला बंदी.

त्या वर्षी भाषा ठरली मराठी (मुलाला अर्थात त्या वर्गाला बसता आलं नाही, दुसऱ्या तुकडीत गेला), आणि माणूस ठरली माझी आई. सहा महिने आमच्याकडे आली होती, कंटाळली होती. आठवड्यातून दोनदा नऊवारी नेसून विद्यापीठात जायला लागली.

दुसऱ्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "आम्ही बाजारात जातोय" हे कसं म्हणाल? म्हणजे इंग्रजीत "वी". मी दुभाषा म्हणून शेजारी. आईने त्या मुलीकडे बघितलं, मग वर्गात मागे बसलेल्या एका दाढीवाल्याकडे बोट दाखवून मला मराठीत विचारलं, "हा पण येणार आहे का?"

मला आधी समजेचना ती काय विचारतेय. मग लक्षात आलं. तो येणार असेल तर "आपण", नसेल तर "आम्ही". हे कळल्याशिवाय ती वाक्य करूच शकत नव्हती! प्राध्यापिकेने टेबलावर हात आपटला, इतकी खूश झाली. पुढचे दोन तास मुलं खुर्च्या सरकवून कोण बाजारात जाणार आणि कोण नाही याचं नाटक करत होती. तमीळ, तेलुगू, मल्याळम सगळ्यांकडे हा फरक आहे, गुजरातीतही आहे, हिंदीत नाही, हे नंतर कळलं. मी पन्नास वर्षं मराठी बोलतोय. मला माहीत नव्हतं की मला हे माहीत आहे.

सत्र संपेपर्यंत आईचं एक वाक्य वर्गात प्रसिद्ध झालं. मुलं आपल्या नियमानुसार एखादं वाक्य बनवून आणायची, "मला आंबा आवडतो" धड, तर "मला आंबा खातो" हेही. आई म्हणायची, "असं कोण म्हणतं?" त्या पोरांनी शेवटी चुकीच्या वाक्यापुढे फुली मारायची सोडून तेच लिहायला सुरुवात केली, रोमन लिपीत.

वऱ्हाडी_ठेचा

आईसाहेबांना दंडवत. वाचनखूण साठवली.

टोकन_नंबर

पोटाचं कोणीच नीट बोलत नाहीये, म्हणून मी बोलतो. मी एका कंपनीत आवाज ओळखणाऱ्या प्रणालीच्या गटात आहे, भारतीय भाषा. आमच्याकडे भाषाविज्ञानवाले आहेत.

खरं सांगू? पहिली नोकरी बहुतेकांची डेटाची असते. ध्वनिमुद्रण ऐका, लिहा, खुणा करा. कंटाळवाणं काम. पण जो ते करताना प्रश्न विचारतो तो दोन वर्षांत वर जातो. आमच्याकडे एका मुलीने दाखवलं की "बहीण" ऐकून यंत्र बरोबर लिहितं, पण "बहिणीला" आलं की घोळ घालतं. तसंच "पाऊस" बरोबर, "पावसात" चूक. कारण आमचा शब्दकोश मूळ शब्दांचा होता आणि मराठीत प्रत्यय लागला की शब्द आतून वाकतो. सामान्यरूप! शाळेत छडी खाल्ली त्यासाठी. इंजिनिअर लोक महिनाभर जास्त डेटा ओतत बसले होते.

नुसतं भाषाविज्ञान आणि कोड शून्य, तर अवघड. कोड आणि भाषेची जाण शून्य, असे तर ढिगाने आहेत. दोन्ही असेल तर बोला. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवा, प्राट नावाचं ध्वनी मोजायचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते आजच उतरवून घ्या.

याखेरीज कोशाचं काम, स्थानिकीकरण, पाठ्यपुस्तकं. नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) करून शिकवायचं असेल तर विषय आहे, पण जागा फार थोड्या, हे डोळे उघडे ठेवून स्वीकारा.

अर्धी_भाकर

टोकनराव, आणखी एक काम आहे ज्याचा पगार कोणी विचारत नाही. आमच्या बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली नावाची भाषा बोलतात. मराठीशी नातं नाही, कोरकूशी नाही, गोंडीशी नाही. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. बोलणारे काही हजारच. क्यूपर नावाच्या डच माणसाने १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्याच जिल्ह्यात बीए करून मला तिचं नाव माहीत नव्हतं. आमच्या नोट्समध्ये स्वाहिली होती.

गावठी_कोंबडा

कोंबडा आज विनोद करणार नाही. हे माहीत नव्हतं.

ऱ्हस्वदीर्घ

येरवडाकर, रात्रभर तुमचा प्रश्न डोक्यात होता. उत्तर देत नाही, पण गुंता वाढवतो. "त्याने धडा वाचला" पण "तो धडा शिकला". "तिने साडी विकत घेतली" पण "ती साडी नेसली". "त्याने भाकरी खाल्ली" पण "तो पाणी प्याला". सगळ्यांना कर्म आहे. मग काहींना "ने" आणि काहींना नाही, असं का? तीस वर्षं "अपवाद" म्हणून फळ्यावर लिहीत आलो. आज वाटलं, हे सगळे अपवाद एकाच चेहऱ्याचे आहेत. शिकणं, नेसणं, पिणं, विसरणं. सगळं आपल्याच अंगावर किंवा आपल्याच आत.

मुक्कामपोस्ट_येरवडा

सर, आता तुम्ही आमच्यातले झालात. या आपल्याकडे, चहा पाजतो. मागच्या च चा.

आणि "त्याने पाणी प्यायलं" म्हणणारेही आहेत. ते कोण, कुठले, ते टिपायला लागेल.

निंबोणी

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. प्रवेशाच्या धावपळीत होतो.

ठरलं ते असं: पुण्यातच बीए, मेजर संस्कृत, मायनर मानसशास्त्र. एमएचं नंतर बघू. सीयूईटी पुढच्या वर्षी देऊन पुन्हा पहिल्या वर्षाला जायचं का, यावर घरात अजून दोन तट आहेत. यजमानांची अट एकच, रोज अर्धा तास पायथन. कानसेनताई, तुमचा रस्ता तिला वाचून दाखवला. "मला कान तपासायचे नाहीत, ऐकायचंय," म्हणाली. अर्धी_भाकर, कॉलेजात जाऊन तिने तुमचा प्रश्न खरंच विचारला. समोरच्या मॅडम आधी चमकल्या, मग म्हणाल्या, रेकॉर्डर आहे, पण तीन वर्षांत कोणी मागितला नाही. ती बॅटरी कुठली लागते ते विचारून आली.

आता गृहपाठ. चार दिवस डोकं खाजवलं तिने. पहिली गोष्ट तिने पकडली ती ही: ती मुलगी असून "मी घरी गेले" म्हणते, पण "मी आंबा खाल्ला"च म्हणते. म्हणजे क्रियापद आंब्याच्या मागे जातंय, "मी"च्या नाही. म्हणजे "मी"ला "ने" दिसत नसला तरी तो कुठेतरी आहे. "खाल्लास"मध्ये तर दोघंही आहेत म्हणे, "ला" आंब्याचा आणि "स" तुझा.

मग अडली. आणि परवा सासूबाई, कराडकडच्या आमच्या, शेजारणीशी फोनवर बोलत होत्या. हापूसच्या पेटीवरून काहीतरी चाललं होतं. त्या म्हणाल्या, "म्या न्हाई खाल्ला बाई, पोरांनीच संपिवला."

लेक चपातीची कणीक तशीच टाकून बाहेर आली. "आजी, परत म्हण."

म्या.

मग तिने अर्धा तास आजीला धरून ठेवलं. आंबा खाल्ला, भांडी घासली, पत्र लिहिलं: सगळीकडे म्या. आणि घरी गेले, झोपले, पडले: सगळीकडे मी. एकदाही चुकल्या नाहीत. लेकीने मुद्दाम विचारलं, "आजी, म्या झोपले असं म्हणशील?"

सासूबाई म्हणाल्या, "आसं कोन म्हन्तं?"

मुक्कामपोस्ट_येरवडा

ज्ञानेश्वरीत "म्यां" आहे. "तुवां"ही आहे. आपल्याकडच्या प्रमाण बोलीत ते झिजून मी आणि तू राहिले, "ने"ची खूण गेली, पण वाक्य अजून त्याच जुन्या वळणाने चालतं.

ताई, आजींचं ते सगळं रेकॉर्ड केलंय ना?

निंबोणी

अर्धंच. मोबाईलची बॅटरी संपली. उद्या सकाळी परत बसवणार आहे, आजींनी अट घातलीय की आधी कणीक मळून ठेव.